दोन फुटांचा समुंदर

बिरू सर कुठलंही झाकण उघडताना तोंड बाजूला फिरवायचे. मग ती प्रयोगशाळेतली ॲसिडची बाटली असो, नाहीतर स्टाफरूममध्ये कुणी आणलेला पेढ्यांचा डबा. आधी झाकणावर दोन बोटांनी टिचकी मारायची, जरा कान द्यायचा, मग मान वळवून, डोळे अर्धे मिटून झाकण वर करायचं. पेढ्यांच्या डब्यातून काय उडी मारणार होतं ते त्यांनाच ठाऊक. आम्ही सगळे हसायचो आणि सगळ्यात मोठ्यानं मी हसायचे. आज लिहिताना लाज वाटते, पण हसायचे हे खरं आहे.

जिंतूरच्या आमच्या शाळेत ते विज्ञान शिकवायचे आणि मी मराठी. घरंही शेजारी, गावाच्या अगदी कडेला, मधे कमरेएवढी भिंत आणि मागं सोयाबीनचं शेत. सर अंगानं चांगले उंच, खांदे रुंद, पण आवाज मागच्या बाकापर्यंत पोचता पोचता दमायचा. चारठाण्याजवळच्या एका वाडीतलं त्यांचं घर मेंढरांवर जगलेलं. त्या घरात पुस्तक हातात धरणारे हे पहिलेच. इतकी वर्षं शिकवूनही त्यांनी वाडीची बोली सोडली नव्हती. फळ्यावर प्रमाण भाषेत लिहायचे आणि मागं वळून पोरांशी घरच्यासारखं बोलायचे.

प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी त्यांचं एकच सांगणं असायचं. "आधी भ्यायचं, मग हात लावायचा. वास नाक खुपसून घ्यायचा न्हाई पोरांनो, हातानं लांबून बोलवायचा. बोलवल्यावर येतोय तो." पोरं त्यांच्या पाठीमागं हाताचा पंखा करून एकमेकांचा वास बोलवायची. पण सरांच्या प्रयोगशाळेत कधी कुणाला भाजलं नाही, कुणाच्या डोळ्यात काही उडालं नाही.

शाळेतल्या पाण्याच्या कूलरला ते रोज आधी उलट्या हातानं शिवायचे. सरळ हातानं धरलं आणि करंट असला तर मूठ आवळली जाते, सुटत नाही, असं त्यांचं म्हणणं. वर्षानुवर्षं त्यांचं हे चाललं होतं. एका सोमवारी हात शिवला आणि ते दोन हात मागं उडाले. कूलरच्या अंगभर करंट उतरलेला होता आणि मधल्या सुट्टीची घंटा व्हायला पाच मिनिटं होती. सर तोटीसमोर दोन्ही हात पसरून उभे राहिले, थरथर कापत, आणि वायरमन येईपर्यंत हलले नाहीत. त्या दिवसापासून हेडमास्तरांनी त्यांना भित्रे म्हणणं सोडलं. मी सोडलं नाही.

एवढा भित्रा माणूस समुद्राच्या नादाला कसा लागला, ते मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

शाळेची सहल कोकणात गेली होती. आमच्यातल्या कित्येकांनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला. पोरं किंचाळत पाण्यात घुसली आणि सर वाळूत पोरांच्या चपला गोळा करून त्यांच्यापाशी उभे राहिले. पाणी पायाला लागलं की एक पाऊल मागं यायचे. बऱ्याच वेळानं मला म्हणाले, "मॅडम, ह्याला पलीकडून बांध न्हाई का कुठं?"

"नाही सर. पलीकडं दुसरा देश."

"आन् आत किती खोल, ते कुणी बघितलंय?"

मी म्हटलं, तुम्हीच बघून या. ते हसले नाहीत. येताना सगळी बस गाण्याच्या भेंड्या खेळत होती आणि सर खिडकीला टेकून बाहेर बघत बसलेले. जिंतूर जवळ आल्यावर माझ्याकडं वळून म्हणाले, "लय भ्यालो मॅडम. पण आजून बघायचाय मला. जरा ल्हान करून."

पुढं वर्षभर त्यांनी नुसतं वाचलं. मग एके दिवशी त्यांच्या बैठकीच्या खोलीत काचेची टाकी आली. दोन फूट लांब, एक फूट रुंद. कमलवहिनींनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, कोचाची जागा तिला दिली आणि कोच बाहेर ओसरीत ओढला. मला भिंतीवरून एवढंच म्हणाल्या, "ह्यांचा समुंदर आलाय."

पाण्यात मीठ कालवलं की झाला समुद्र, अशी माझी समजूत होती. सरांनी ती दुरुस्त केली. हे मीठ वेगळं, पोत्यानं मागवावं लागतं. पाणी मशीनमधून गाळलेलं. दोन्ही एका पिंपात घालून एक छोटी मोटर दिवसभर ते ढवळत ठेवायची. मग त्यातला एक थेंब दुर्बिणीसारख्या नळीच्या तोंडावर ठेवून, नळी उजेडाकडं धरून खारेपणा बघायचा. सर तो दिवसातून चार वेळा बघायचे. आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे पाणी नुसतं ठेवलं तरी आटतं. मीठ मात्र आटत नाही, मागं राहतं, आणि पाणी जास्तच खारट होत जातं. म्हणून काचेवर पेनानं रेघ मारलेली आणि रोज सकाळी त्या रेघेपर्यंत गोडं पाणी. वर एक टेबलफॅन चोवीस तास. लाइट गेली की बॅटरीवरचा पंप बुडबुडे सोडायचा, पण त्या बॅटरीवर सरांचा विश्वास नव्हता. भाच्याच्या लग्नाला वहिनी एकट्या जाऊन आल्या.

खरी गोष्ट होती ती दगडांची. अशा टाकीत मासे सगळ्यात शेवटी येतात. आधी येतो तो जिवंत दगड. म्हणजे मेलेल्या प्रवाळाचा दगडच, पण वर्षानुवर्षं समुद्राच्या पाण्यात राहून त्याच्या भोकाभोकांत इतके बारीक जीव वस्तीला आलेले असतात, की तेच टाकीतली घाण खाऊन पाणी स्वच्छ ठेवतात. समुद्रातलं प्रवाळ उचलून आणणं हा गुन्हा. सरांना हे माहीत होतं आणि कायद्याला घाबरायला हवं त्याच्या दुप्पट ते घाबरत होते. पुण्यात एक गृहस्थ त्यांना फोनवर भेटले. त्यांची जुनी टाकी होती, तिच्यातच वर्षानुवर्षं मुरलेले दगड होते आणि आता टाकी लहान करायची असल्यानं त्यातले थोडे ते द्यायला तयार होते. सरांनी त्यांच्याकडून तसं कागदावर लिहून घेतलं आणि तो कागद लग्नाच्या दाखल्यासोबत कपाटात ठेवला.

दगड ट्रॅव्हल्सच्या गाडीनं सकाळी आले, थर्माकोलच्या खोक्यात. मी शाळेला निघाले होते, म्हणून तिथंच होते. सरांनी खोक्यावर दोन बोटांनी टिचकी मारली, कान दिला. आतून कुणीतरी 'टक्' असं उत्तर दिलं.

खोकं उतरवणारा माणूस चार पावलं मागं सरकला. "सायेब, काय हाय त्याच्यात?"

"दगडं," सर म्हणाले. 

मागच्या ओसरीत निळ्या टबात खारं पाणी तयार होतं. ओल्या वर्तमानपत्रांतून एकेक दगड निघाला. हलके, सच्छिद्र, कुठं जांभळे, कुठं गुलाबी, आणि वास असा की मांजरं गोळा व्हावीत. ते टक् करणारं काय होतं ते दिसलं नाही. पुण्याच्या गृहस्थांनी फोनवर सांगितलं, एखादी कोळंबी असेल, नांगी वाजवते, घाबरू नका. घाबरू नका म्हटल्यानं सर आणखी घाबरले. दगड सरळ टाकीत घातले नाहीत. तीन आठवडे टबात, टाकीपासून लांब.

मी भिंतीवरून विचारलं, एवढी वाट कशाला? तेव्हा त्यांनी ती गोष्ट सांगितली. पुन्हा कधी सांगितली नाही.

"माजा बाप लय धीट मानूस. बाजारातून एकदा एक मेंढी आणली. देखणी, अंगानं भरलेली. आमच्यात नवं जनावर तीन आठवडे वायलं बांधत्यात. त्याचं पाणी वायलं, घमेलं वायलं. आई म्हणली, वायली बांधा. बाप म्हणला, काय होतंय. आन् मिसळली कळपात." सर भिंतीवरची माती नखानं खरवडत होते. "ल्हान होतो मी. मग रोज सकाळी उठलं की आधी बघायचो, आज कोन कोन उभं हाय. म्हैन्यात वाडा रिकामा झाला. आई नंतर सगळी घमेली उकळून काढायली. रडायली आन् उकळायली. म्हणली, हेच आधी केलं असतं तर."

 मी चहा घेता का विचारलं.

टबातलं जग बघायला त्यांनी मला बोलावलं ते भर दुपारी, ओसरीला चादरी लावून अंधार करून. टॉर्चला लाल कागद बांधला होता. एका भोकातून केसासारखे पाय बाहेर आले, हलले, आत गेले. एका ठिकाणी बारीक पंखा उघडला आणि मिटला. मी वर्गात इतक्या कविता शिकवल्या, पण दगड श्वास घेतल्यासारखा हलताना पाहून माझं पाऊल आपोआप मागं गेलं. मी दारात सरकून उभी राहिले. सर मात्र सगळ्यात लांबून, दोन फुटांची काडी हातात धरून, एकेक दाखवत होते.

त्या सगळ्यात त्यांना ज्याची भीती वाटली नाही अशी एकच गोष्ट होती. दगडांवर जागोजागी तपकिरी झुबके होते. शर्टाच्या बटणाएवढं एकेक तोंड, मधे हिरवा ठिपका, कडेनं झालर. उजेडात उघडायची, सावली पडली की मिटायची. वहिनींनी त्यांचं नाव बटणं ठेवलं. "ह्यांचं काय भ्या न्हाई," सर म्हणायचे, "ही फुलंच हायत." वहिनी सकाळी केर काढताना टबापाशी थांबून बटणं उघडलेली बघायच्या. ती सावलीनं मिटतात म्हणून जरा बाजूनं बघायच्या.

मग किडा निघाला. वीतभर लांब, गुलाबी, दोन्ही अंगांनी पांढऱ्या काटेरी केसांचा, आणि निघाला म्हणजे निघतच राहिला. सरांनी तो दगड चिमट्यानं उचलून वेगळ्या बादलीत ठेवला. बाकीचे दगड तीन आठवड्यांनी टाकीत गेले. पुढं महिनाभर टाकीत नुसते दगड आणि पाणी. लोक बघायला येत, मासे कुठायत विचारत, आणि जाताना एकमेकांना कोपरानं ढोसत. सर रोज काचेच्या बारक्या नळ्यांत थेंब टाकून पाण्यातलं विष तपासत होते. रंग हिरव्यावरून पिवळ्यावर आला त्या दिवशी त्यांनी शाळेत पेढे वाटले आणि आठवड्यानं दोन नारिंगी मासे आणले. बैठकीत बसलं की निळसर उजेडात ते दोन मासे आणि दगडांवर उघडलेली बटणं. खरं सांगते, तसं सुंदर काही आमच्या गावात दुसरं नव्हतं.

बादलीतला दगड मात्र तसाच होता. त्याच्यावरही बटणं होती, पण सरांना फक्त किडा दिसत होता. पुण्याचे गृहस्थ म्हणाले, बहुतेक असे किडे निरुपद्रवी असतात, उलट कामाचे. सरांनी बाटलीत माशाचा तुकडा लावून सापळा केला. किडा आला नाही. शाळेतून आले की आधी बादलीपाशी जायचे. त्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं, असं वहिनी म्हणाल्या.

एका शनिवारी ते भिंतीपाशी आले. "मॅडम, त्या एका दगडाचा भरवसा वाटंना. उद्या उकळून काढतो म्हणतो. किडाबिडा जे असंल ते जाईल. मग सुका दगड म्हणून ठिवायचा."

मी म्हटलं, "उकळा की सर. मीठसुद्धा घालायला नको."

तेही हसले. विनोद साधला की मला दुसरं काही दिसत नाही, हा माझा जुना दोष आहे.

रविवार उजाडला तो मागच्या शेतात मळणीयंत्राच्या घरघरीनं. सोयाबीनची मळणी म्हणजे गल्लीभर भुस्सा आणि धुराळा. वहिनींनी खिडक्या लावून घेतल्या, दाराखाली ओलं फडकं सरकवलं. अकराच्या सुमाराला मी त्यांची चाळणी परत द्यायला गेले. दार ढकललं आणि तोंडात एकदम पितळेचं भांडं चाटल्यासारखी चव आली. नाकात नाही, जिभेवर. आत वाफ भरलेली, समुद्राच्या वासाची. गॅसवर एका जुन्या पातेल्यात दगड खळखळत होता. शेजारच्या बर्नरवर तवा, तव्यावर करपलेली भाकरी, आणि वहिनी उंबऱ्याला टेकून बसलेल्या. बाहेर ऑक्टोबरचं ऊन मी म्हणत होतं आणि त्या कुडकुडत होत्या.

"थंडी वाजायलीय मॅडम," त्या म्हणाल्या. मग खोकल्या, आणि खोकला थांबेना.

सर त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते. स्वतःही खोकत होते. मी गॅस बंद केला, खिडकी उघडली आणि आम्ही वहिनींना गावातल्या डॉक्टरांकडं नेलं. तिथं अर्धं गाव खोकत बसलं होतं, मळणीच्या धुराळ्यानं. डॉक्टरांनी छाती तपासली. विचारलं, धुराळ्यात होत्या का? वहिनींनी हो म्हणून मान हलवली. अजून काही वेगळं झालं का घरात? डॉक्टर सरांकडं बघत होते. मी सरांकडं बघत होते. सरांचं तोंड उघडलं. मला त्यांचे दात दिसले, जीभ हललेली दिसली. आणि ते म्हणाले, "न्हाई."

मी बोलायला हवं होतं. पण मला वाटलं, त्यांना माहीत असेल, विज्ञान त्यांचं. दगड उकळण्यात काय मोठंसं, असंही वाटलं. धुराळ्याचं औषध आणि एक इंजेक्शन घेऊन आम्ही परत आलो.

दोन वाजेपर्यंत वहिनींच्या पोटऱ्यांत गोळे येऊ लागले. श्वास आत घेताना शिट्टीसारखा आवाज. ओठांचा रंग बदलला. सर ओसरीत गेले आणि पुण्याला फोन लावला. पलीकडचा माणूस इतक्या मोठ्यानं ओरडला, की मला आतपर्यंत ऐकू आलं. "उकळला? घरात? सर, आधी सगळे बाहेर पडा! त्या बटणांमध्ये विष असतं. पाण्यात ती काही करत नाहीत, पण उकळली की वाफेतून येतं. दवाखाना गाठा, आत्ता!"

गल्लीतल्या एकाच्या जीपमधून आम्ही परभणीला निघालो. वहिनींचं डोकं माझ्या मांडीवर, पाय सरांच्या मांडीवर. माझ्या अंगातही कणकण होती आणि जिभेवरची ती चव जात नव्हती, आणि मनात एकच होतं, की आपल्यालाही लागलं असेल का. त्या वेळी हे मनात आलं याची मला आजही किळस येते. बोरी गाव मागं पडल्यावर सर बोलले. माझ्याकडं न बघता.

"सांगायचं होतं मॅडम डॉक्टरला. तोंडातून शब्द निघंना. वाटलं, पोलीस येतील. दगड कुठून आणला म्हणतील. शाळा जाईल." जीप खड्ड्यात आदळली. वहिनी कण्हल्या. "कागद कपाटात हाय माज्या. तरी भ्यालो."

परभणीच्या दवाखान्यात डॉक्टर एक तरुण बाई होत्या. त्यांनी विचारायच्या आत सर बोलायला लागले. तो कधीच मागच्या बाकापर्यंत न पोचणारा आवाज त्या दिवशी आख्ख्या वॉर्डानं ऐकला. "मी दगड उकळला. समुंदरातल्या जिवांचा. बंद घरात. ती शेजारी भाकरी करायली होती. मी झाकण उचललं आन् सवयीनं तोंड फिरवलं. माज्याकडची वाफ तिच्याकडं गेली. हे माज्यामुळं झालंय, धुराळ्यानं न्हाई."

डॉक्टरबाई म्हणाल्या, असं काही आपण कधी पाहिलेलं नाही, पण सांगितलंत ते बरं केलंत. त्यांनी पुण्याच्या माणसाशी फोनवर बोलून घेतलं, मोठ्या दवाखान्यातल्या कुणाशी बोलल्या. यावर उतारा नाही, त्या म्हणाल्या. ऑक्सिजन द्यायचा, हृदयावर लक्ष ठेवायचं आणि शरीरानं ते सोसेपर्यंत थांबायचं. आम्हा दोघांनाही तपासलं. आमचं तापावर निभावलं.

तीन दिवस सर त्या खाटेपाशी उभे होते. बसले नाहीत. नजर वहिनींच्या छातीवर, पांघरूण वर जातंय का खाली येतंय का यावर. वहिनींचा डोळा लागला आणि श्वास जरा हळू झाला, की ते त्यांना हलवून जागं करायचे. नर्सनं दोनदा रागावून सांगितलं, झोपू द्या त्यांना. सर मान हलवायचे आणि थोड्या वेळानं पुन्हा वहिनींना हलवायचे. मी त्यांना टाकीचं विचारलं, घरी जाऊन गोडं पाणी घालू का. "आत पाऊल टाकू नका," ते म्हणाले. "मरू द्या."

चौथ्या दिवशी तोंडावरचा मास्क काढला, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भाकरी तव्यावरच ऱ्हायली का हो?" आणि हा सहा फुटी माणूस भिंतीकडं तोंड करून ढसाढसा रडला.

टाकी मेली नव्हती. लाइट फारशी गेली नव्हती, गेली तेवढी बॅटरीनं निभावली होती. पुण्याचे गृहस्थ स्वतः आले, हातमोजे, चष्मा, मास्क लावून. ते पातेलं, तो दगड पिशवीवर पिशवी घालून बंद केला आणि टाकी, मासे, बटणं सगळं गाडीत भरून नेलं. जाताना म्हणाले, चूक माझी, मी आधीच सांगायला हवं होतं. सर गाडी गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला उभे होते.

मी त्या संध्याकाळी त्यांना म्हटलं, उकळा की, असं मीच म्हणाले होते सर.

"तुमी नुसतं हासलात मॅडम," ते म्हणाले. "उकळलं मी."

वहिनी बऱ्या झाल्या, पण दम कमी राहिला. चार पायऱ्या चढल्या की थांबायच्या. आणि सरांना नवीच भीती लागली, शांततेची. वहिनी मुळात कमी बोलणाऱ्या. घरात वावरतात हे बांगड्यांवरून कळायचं. आता दोन मिनिटं आवाज आला नाही, की सर जिथं असतील तिथून हाक मारायचे, "कमल?" आतून "हाय" असं यायचं. पुन्हा "कमल?" पुन्हा "हाय". भिंतीच्या अलीकडं मला ते दिवसभर ऐकू यायचं. मला रडायला यायचं आणि कधीकधी, खोटं कशाला बोलू, वैतागही यायचा.

मग वहिनी बोलायला लागल्या. त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही, नुसत्या बोलायला लागल्या. डाळ निवडताना डाळीशी, भांडी घासताना भांड्यांशी, माहेरच्या म्हशीबद्दल, शेजारणीच्या सुनेबद्दल, जे सुचेल ते. मधे दम लागला की थांबायच्या, पुन्हा सुरू. सर ओसरीत कोचावर वह्या तपासत बसायचे. हाका बंद झाल्या.

सरांनी मुदतीआधी नोकरी सोडली. मुलगी संभाजीनगरला होती, तिथं मोठा दवाखाना घराजवळ. दोघं तिकडं गेले. पुढच्या वर्षी वहिनींचा फोन आला. सर गेले. दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या. वहिनींचा आवाज अगदी कोरडा होता. म्हणाल्या, "मी बोलायलेच होते मॅडम. शेवग्याच्या शेंगांचं कायतरी सांगायले होते. मला वाटलं ऐकायलेत."

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते मात्र जिंतूरच्या बसस्टँडवर. सामान टेम्पोनं आधीच गेलं होतं. वहिनी खिडकीपाशी, खांद्यावर शाल. सर त्यांच्या शेजारी, पुढच्या सीटचा दांडा धरून ताठ बसलेले. बस सुटत नव्हती आणि मी खाली उभी होते. वहिनींचं मुलीच्या घराचं सांगून झालं, डब्यात काय काय घेतलंय ते झालं, मला पुन्हा पुन्हा या म्हणून झालं. मग त्यांच्याजवळचं बोलणं संपलं. त्यांनी एकदा सरांच्या हाताकडं पाहिलं. दांड्यावरची मूठ आवळत चालली होती.

वहिनींनी खिडकीबाहेर मान काढली आणि समोरच्या दुकानांच्या पाट्या वाचायला सुरुवात केली. सातवीपर्यंत शिकलेली बाई, एकेक शब्द लावून, मोठ्यानं. "कृषी सेवा केंद्र. बी-बियाणे व खते." दम. "येथे झेरॉक्स काढून मिळेल." मूठ सैल पडली. "गरम चहा." दम. "मोटार रिवायंडिंग. लग्नाच्या पत्रिका छापून मिळतील."

बस हलली. मी दोन-चार पावलं बरोबर चालले. पाट्या आता भराभर मागं पडत होत्या आणि वहिनींना त्यांच्याबरोबर पळावं लागत होतं. त्या वाचत राहिल्या. बस चौकात वळली तेव्हा त्या श्वास घ्यायला थांबल्या होत्या, आणि सरांची मूठ दांड्यावर आवळलेली होती.